शून्यही मोजून लिहावे

गुरू हा शब्द उच्चारला की आमच्या विद्यार्थिमित्रांच्या डोळ्यांपुढे बहुधा पिकल्या केसांचा, वयाने व अनुभवाने किंचित वाकलेला कोणी वृद्ध पुरुष उभा राहतो. आमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते गुरू चोवीस वर्षांचे आहेत. त्यांच्या पायांत रबरी चपला आहेत, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे आणि हातात पत्र्याचे एक नळकांडे आहे. ते आज हयात नाहीत. त्यांस उणीपुरी एकतीस वर्षे लाभली. आज आम्ही त्या वयाहून दहा वर्षांनी पुढे आलो आहो; तरी त्यांचे स्मरण झाले म्हणजे खुर्चीवरून उठून उभे राहावे असे अजूनही वाटते.

ही आठवण आताच लिहावयास कारण घडले ते असे. शाळेच्या पटांगणात उत्तरेच्या कुंपणाजवळ पर्जन्यमापक आहे, हे विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. आठवी व नववीच्या मुलामुलींनी पाळीपाळीने रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजावा आणि नोंदवहीत लिहावा, असा आमचा परिपाठ आहे. गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थी नोंदवही छातीशी धरून आमच्या खोलीत आला. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही, आणि ज्यांस ते ठाऊक असेल त्यांनीही सांगू नये. तो म्हणाला, "सर, शनिवार-रविवारचे आकडे मी मोजलेले नाहीत. अंदाजाने लिहिले आहेत."

आम्ही त्यास बसावयास सांगितले. पुढे काही वेळ आमच्या तोंडून शब्द निघेना. सर रागावले, असे तो बिचारा समजला असेल. खरे कारण निराळे होते. जे त्या तेरा वर्षांच्या मुलास दोन दिवसांत साधले, ते आम्हांस पाच वर्षांत साधले नव्हते. ती हकीकत आज विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस सांगावी असे योजिले आहे. या पृष्ठांच्या रीतीप्रमाणे आम्ही स्वतःस 'आम्ही' म्हणत आहो. परंतु पुढे जो अपराध सांगावयाचा आहे तो एकट्याचा आहे. त्यात दुसरा कोणी वाटेकरी नव्हता.

आमचे गाव त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे सांप्रतच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील. सह्याद्रीने पश्चिमेचे मेघ अडवावे, कोकणात पाण्याचे पाट वाहावे, आणि आमच्या वाट्यास वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस यावा, तोही लहरीप्रमाणे, असा हा पर्जन्यछायेचा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजीने रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तिच्या तळहातांवरचे घट्टे आम्ही लहानपणी बोटांनी चाचपून पाहत असू. घरची जमीन नव्हती. वडील मिशनच्या वसतिगृहात पहारेकरी होते. "शीक. नाही शिकलास तर हे हात तुझ्या वाट्याला येतील," असे आजी आपले हात पुढे करून म्हणे. तिचा हेतू निर्मळ होता, आणि त्या वाक्याच्या बळावरच आम्ही शिकलो हेही खरे. परंतु त्यातून आणखी एक गोष्ट आमच्या मनात नकळत रुजली. माती ही शिक्षा आणि पुस्तक ही सुटका, असे आम्ही धरून चाललो. ज्याचे अक्षर चांगले त्याने चिखलात का उतरावे, असे आम्हांस अगदी प्रामाणिकपणे वाटे.

अशा गावी २००० सालच्या मे महिन्यात दादा आले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ते पदवीधर. घर सातारा जिल्ह्यातील, वारकरी शेतकऱ्याचे. विद्यार्थिदशेत ते चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीस दोनदा गेले होते. सरकारी नोकरीची इच्छा आपण तेथल्याच मातीत पुरून आलो, असे ते हसत सांगत. पाणलोटाचे काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेने अल्प मानधनावर त्यांस आमच्या भागात पाठविले होते. तरुण मुलामुलींनी एकत्र येऊन सामुदायिक शेती करावी, हे त्यांचे काम.

आमच्या जिल्ह्यास अशा कामाची ओळख नव्हती असे नाही. राळेगणसिद्धीस श्री. अण्णा हजारे यांनी १९७५ पासून पाणी अडविण्याची चळवळ चालविली होती. हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनी श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० नंतरच्या दशकात उजाड डोंगरावर चर खणून गावाचे रूप पालटले होते. स्वित्झर्लंडहून आलेले फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेतून १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली होती. आणि मिशनच्या इतिहासास तरी नांगर कोठे परका आहे? महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणारे सॅम हिगिनबॉटम यांनी १९१० साली अलाहाबादेस शेतकीचे विद्यालय काढले, तेव्हा त्यांच्या स्वकीयांपैकी कित्येकांनी भुवया उंचावल्या असतील. परंतु हे सारे आम्ही पुढे वाचले. त्या मे महिन्यात आम्हांस एवढेच दिसले की, एक पदवीधर मनुष्य उन्हातान्हात फावडे घेऊन फिरतो आहे. आम्हांस त्याची कीव आली.

आमच्या मंडळीच्या मालकीची चार एकर जमीन गावाच्या उत्तरेस पडीक होती. मुरमाड, उतरती, बाभळी व घाणेरी यांनी व्यापलेली. दादांनी पंचांपुढे जाऊन ती पाच वर्षांसाठी तरुणांकडे द्यावी अशी विनंती केली. पंचांनी थोडी कुरकुर करून ती मान्य केली. मग अकरा जण जमले. सात मंडळीतील, चार गावातील इतर घरांतील. अकरांत तीन मुली. आम्ही त्या वेळी सोळा वर्षांचे होतो. वडिलांच्या आग्रहाने गेलो. स्वतःच्या इच्छेने नव्हे.

दादांनी पहिल्याच दिवशी वाटणीचा नियम ठरविला. पिकाचे तीन वाटे व्हावयाचे. एक पुढील सालच्या बियाण्यास व खर्चास, एक राबणाऱ्यांस हजेरीप्रमाणे, आणि एक गावातील एकाकी म्हातारी माणसे व विधवा यांस, मग ती कोणत्याही घरची असोत. शिवाय कापणीनंतर रानात पडलेली कणसे आपण उचलावयाची नाहीत. तो सरवा वेचणाऱ्यांचा. आमचे पाळकसाहेब हे ऐकून चकित झाले. सरव्याचा नियम पवित्र शास्त्रात आहे आणि रूथची सारी कथा त्यावर उभी आहे, हे त्यांनी दादांस सांगितले. दादा म्हणाले, "आमच्याकडेही आजी असेच सांगायची. चांगल्या गोष्टी दोन्हीकडे सापडायच्याच." पुढे ते रविवारी सायंकाळी उपासनेस येऊन शेवटच्या रांगेत बसत. रेव्हरंड टिळकांचे अभंग सुरू झाले म्हणजे त्यांची मान डोलू लागे, आणि टाळ त्यांच्याइतका चोख आमच्या मंडळीत कोणासही वाजविता येत नसे.

पहिले वर्ष चर खणण्यात गेले. तीन बांबू बांधून दादांनी तिकाटण्यासारखी एक चौकट केली व मधोमध दोरीने दगड लोंबता सोडला. ती चौकट टप्प्याटप्प्याने उतारावर फिरवून समपातळीची रेघ कशी आखावी, हे त्यांनी आम्हांस शिकविले. भूमितीत आम्ही वर्गात पहिले होतो; परंतु भूमिती पायाखाली असते हे त्या दिवशी प्रथम कळले. रेघेवर चर, चराच्या खालच्या अंगास मातीचा वरंबा, वरंब्यावर गवत. धावते पाणी चालू लागले पाहिजे, चालते पाणी थांबले पाहिजे आणि थांबलेले पाणी मुरले पाहिजे, असे दादा सांगत.

एके दिवशी त्यांनी खडूने विहिरीच्या कठड्यावर हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर; म्हणजे एका मिलिमीटरात चार हजार लिटर. आपले चार एकर, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर. तर आपल्या वाट्यास आलेले पाणी किती? आम्ही मनात गुणाकार करून "ऐंशी लाख लिटर!" असे ओरडलो. दादांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मग आपण गरीब कसे? आपण फक्त हिशेब ठेवत नाही." त्याच दिवशी त्यांनी पर्जन्यमापकाची नोंदवही आमच्या हाती दिली. अक्षर बरे आणि गणित चांगले, म्हणून. त्या दिवसापासून माती आम्हांस थोडी कमी कडू वाटू लागली, कारण तिच्यात आकडे होते.

यंत्र साधे होते. पत्र्याचे नळकांडे, त्यावर नरसाळे, आत बाटली, आणि मोजण्यास रेघा असलेले काचेचे पात्र. २००१ च्या पावसाळ्यात आम्ही एकही दिवस चुकविला नाही. त्या साली चार एकरांत अकरा पोती बाजरी झाली. तिसरा वाटा घेऊन आम्ही मुले म्हाताऱ्यांच्या दारोदार गेलो. पहिल्या पिकाची भाकरी आजीने खाल्ली, आणि ती काही बोलली नाही; परंतु त्या रात्री तिने हात पुढे करून ते वाक्य म्हटले नाही.

आता २००२ सालाकडे येतो. आम्ही बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालो होतो आणि मन शहराकडे लागले होते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस बरा झाला. नोंदवहीत एकूण ४२ मिलिमीटर जमले होते. दादांचा नियम असा की, किमान ७५ मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर खोल ओल गेल्याशिवाय चाड्यावर मूठ धरावयाची नाही. याच सुमारास ते काही कामासाठी राहुरीस गेले. जाताना म्हणाले, "आकडे तुझ्या भरवशावर."

आम्ही दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयातील प्रवेशासाठी नगरास गेलो. काम एका दिवसाचे होते. मित्रांच्या खोलीवर चार दिवस राहिलो. कोणास सांगितले नाही, कोणास पाळी दिली नाही. परत आलो तो काय, शेळ्यांनी नळकांडे पाडलेले, बाटली कोरडी. "पाऊस झाला का?" असे आम्ही वाटेत दोघांतिघांस विचारले. "झाला की! चांगला शिंतडला," असे ते म्हणाले. दादा सायंकाळी येणार होते. आम्ही वही उघडली आणि चार दिवसांसमोर चार आकडे लिहिले: १२, ९, ०, १४. खोटे खरे वाटावे म्हणून मध्ये एक शून्य घातले. त्या शून्याचा आम्हांस त्या क्षणी अभिमान वाटला, हेही आज सांगितले पाहिजे. एकूण झाले ७७.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी रानात चार ठिकाणी कुदळ मारून ओल पाहिली. खालच्या पट्टीत ती चांगली होती. वरच्या पट्टीत त्यांनी मातीचा गोळा वळून पाहिला, तो फुटला. ते आमच्याकडे वळले. "वर ओल कमी वाटते रे. आकडे नीट घेतलेस ना?"

आमच्याजवळ उत्तर देण्यास एक क्षण होता. आम्ही म्हणालो, "होय, दादा."

त्यांनी मातीपेक्षा आमच्यावर विश्वास ठेविला. दोन दिवसांनी पाभर चालली. बाजरी व तूर, दोनास एक अशा ओळी. खालच्या तुकड्यात मूग. नारळ फुटला, प्रार्थना झाली, गूळ वाटला. अंकुर वर आले आणि रान हिरवे दिसू लागले. मग पाऊस गेला.

२००२ चा जुलै महिना भारताच्या पर्जन्याच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. त्या महिन्यात देशभर मिळून सरासरीच्या जवळजवळ निम्माच पाऊस पडला. आमच्या गावी तर ढग येत, सावली टाकीत आणि निघून जात. आमचे अंकुर आधी दुपारी माना टाकू लागले, मग सकाळीही उचलेनात, मग पिवळे पडले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रान पायाखाली चुरचुर वाजू लागले. गावातील जुन्या शेतकऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पेरलेच नव्हते. ओल पुरेशी नाही हे त्यांस वही न पाहता कळले होते. त्यांचे बियाणे कणगीत होते, पैसा गाठीस होता. आमचे बियाणे, खत, बैलजोडीचे भाडे, सारे गेले.

निंबाच्या पारावर बैठक भरली. मुलांचे वडील आले होते. एक वृद्ध शेतकरी, ज्यांस सारे गाव आबा म्हणे, चिडून बोलले, "डबा मांडून पाऊस मोजता आणि आमच्या बैलाला कळते ते तुम्हांला कळत नाही? पुस्तकवाल्यांच्या हाती रान दिले, हीच चूक झाली." आम्ही दादांच्या मागे उभे होतो. घसा कोरडा पडला होता. आता सांगावे, आता सांगावे, असे मन म्हणत होते; आणि वडील समोर बसले होते, महाविद्यालयाची प्रवेशाची पावती खिशात होती, म्हणून पाय जागचे हलत नव्हते.

दादा उभे राहिले. म्हणाले, "आबा, तुमचे बरोबर आहे. पेरणीचा निर्णय माझा होता. या मुलांचा यात दोष नाही. बियाण्याचा व भाड्याचा खर्च मी भरून देतो." संस्थेच्या नव्हे, आपल्या मानधनातून त्यांनी तो पाच महिन्यांत फेडला. तरी त्या बैठकीनंतर चार मुलांस त्यांच्या वडिलांनी घरी नेले. अकरांचे सात राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आमच्या दारी आले. "चल, मोजायला जाऊ." आकाश काचेसारखे स्वच्छ होते. आम्ही म्हणालो, "दादा, पाऊस कुठे आहे? शून्य लिहून टाकतो." ते म्हणाले, "जाऊन पाहू, मग लिहू. शून्यही मोजूनच लिहायचे असते."

त्यानंतर दोन आठवडे रोज सकाळी साडेआठ वाजता आम्ही दोघे त्या नळकांड्यापाशी जात होतो. ते नरसाळे उचलीत, बाटली काचपात्रात उपडी करीत, पात्र डोळ्यांच्या पातळीस धरून रिकामे असल्याची खात्री करीत, आणि मग आम्ही लिहीत असू: ०. एके दिवशी ते म्हणाले, "तीन गोष्टी निराळ्या असतात, बघ. शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हते. कोरी जागा म्हणजे पाहिलेच नाही. दोन्ही खरी आहेत. शेतकऱ्याला दोन्हींचा उपयोग आहे." तिसरी गोष्ट कोणती ते त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. आज वाटते, ते दोन आठवडे म्हणजे चौदा दारे होती. रोज एक उघडून ते बाजूस उभे राहत होते.

ऑगस्टात पाऊस परतला. बाजरीचा हंगाम निघून गेला होता. दादांनी उसनवारीने बियाणे आणून उरलेल्यांसह हुलगा व सूर्यफूल पेरले. थोडे पदरात पडले. त्या पेरणीस आम्ही नव्हतो. ट्रंक घेऊन नगरास गेलो होतो.

महाविद्यालयात आमचे बरे चालले. सुटीत गावी गेलो म्हणजे उत्तरेकडची वाट टाळीत असू. दादा भेटत ते पूर्वीसारखेच हसून. रान सुधारत होते. २००४ पर्यंत चरांत करवंद व सीताफळ लागले, मंडळीच्या विहिरीचे पाणी मार्चपर्यंत टिकू लागले, गेलेल्या चारांपैकी तिघे परत आले, आणि आबाही पेरणीआधी आपल्या नातवास वही पाहून यावयास पाठवू लागले. २००५ साली दादांचे एक पोस्टकार्ड आले. नव्या मुलांस हिशेब व आलेख शिकवावयास उन्हाळ्यात पंधरा दिवस ये, असे त्यात होते. आम्ही ते पुस्तकात ठेविले. उत्तर लिहावयाचे ठरविले, आणि आज लिहू, उद्या लिहू, करीत दोन वर्षे गेली. त्या पत्रास उत्तर देणे म्हणजे आधी दुसरे काही सांगणे, हे आम्ही जाणून होतो.

२००७ च्या नोव्हेंबरात, बी.एड.च्या वर्गात असताना, गावाहून निरोप आला. रात्रीच्या वेळी कांद्यास पाणी देताना दादांस घोणस चावली होती. गावकऱ्यांनी त्यांस तत्काळ गाडीत घालून नेले, उपचार झाले. परंतु तिसऱ्या दिवशी त्यांची प्राणज्योत मालवली. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांचे वडील अस्थी घेऊन साताऱ्याकडे निघाले होते. त्या वृद्ध वारकऱ्याने आमच्या डोक्यावर हात ठेवून विचारले, "वहीवाला तूच ना? तो तुझे नाव फार काढायचा."

सायंकाळी मुलांनी आम्हांस दादांच्या खोलीतील नोंदवह्या दिल्या. तुमच्या अक्षरातल्या आहेत, तुम्हीच ठेवा, असे ती म्हणाली. आम्ही २००२ ची वही उघडली. जूनचे पान काढले. आमच्या शाईच्या चार आकड्यांशेजारी शिसपेन्सिलीने, दादांच्या बारीक अक्षरांत, दुसरे चार आकडे लिहिले होते: ३, ०, ०, ६. मंडळाच्या ठिकाणच्या सरकारी पर्जन्यमापकावरून ते आणलेले होते. खाली तारीख होती २४ जून, आणि तीन शब्द: "तो स्वतः सांगेल."

विद्यार्थिमित्रहो, २४ जून ही तारीख पुन्हा पाहा. पेरणीनंतर थोड्याच दिवसांत त्यांस सारे कळले होते. पारावरची बैठक त्यानंतर जवळजवळ एक महिन्याने झाली. म्हणजे आबांचे बोल ऐकताना, निर्णय माझा होता असे म्हणताना, पाच महिन्यांचे मानधन देताना त्यांस खरे काय ते ठाऊक होते. आम्हांस वाचविण्यासाठी ते खोटे बोलले, असे कोणी म्हणेल. आम्ही या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. निर्णय त्यांचा होता, हे खरेच होते. माती एक सांगत असता त्यांनी माणसावर विश्वास ठेविला, त्याची किंमत त्यांनी आपली म्हणून भरली. आमची किंमत मात्र त्यांनी भरली नाही. ती आम्ही भरावी म्हणून पानावर जागा राखून ठेविली, आणि पाच वर्षे वाट पाहिली.

पुढील रविवारी उपासनेनंतर आम्ही निंबाच्या पारावर सर्वांस बोलाविले, वही उघडून दाखविली आणि सांगितले. वडील खाली मान घालून बसले. बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी आबा म्हणाले, "पीक गेले त्याचे काही नाही, पोरा. पिके जातात, येतात. मी त्या भल्या माणसाला चारचौघांत बोललो, ते आता कुठे जाऊन फेडू?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. खोट्या आकड्याने आमच्या रानाचे नुकसान झाले ते एका सालात भरून निघाले. आबांच्या तोंडी जे अन्यायाचे शब्द आम्ही घातले, ते मात्र ते आपल्याबरोबर घेऊन गेले.

ते रान आजही चालू आहे. पाच वर्षांची मुदत पंचांनी वाढविली आणि पुन्हा वाढविली. तिसरा वाटा अजून निघतो, सरवा अजून वेचणाऱ्यांचा आहे. त्या अकरांपैकी दोघी मुली आज आपापल्या गावी पाणलोटाची कामे पाहतात. हिवरे बाजारसारख्या गावांनी पावसाच्या मोजमापावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची रीत पाडली, तिचे कौतुक आम्ही वर्तमानपत्रांत वाचतो तेव्हा विहिरीच्या कठड्यावरचा तो खडूचा हिशेब आठवतो. आम्ही शेतकरी झालो नाही. शिक्षक झालो, आणि ज्या ज्या शाळेत गेलो तेथे पहिल्या पावसाळ्यापूर्वी एक पर्जन्यमापक बसविला. गुरूचे ऋण फेडण्याचा यापेक्षा मोठा उपाय आम्हांस सुचला नाही.

पालकांस एक विनंती आहे. आपल्या मुलाने शिकून मातीपासून सुटावे, असे ज्यांस वाटते त्यांचे आम्ही दोष काढीत नाही. आमच्या आजीचे हात आम्ही विसरलो नाही. परंतु मुलाचे अक्षर व मुलाचे हात ही दोन निरनिराळ्या माणसांची नव्हेत, एवढे त्यास घरी सांगावे. आणि मुलगा आपली चूक सांगावयास येईल तेव्हा त्यास दार उघडे दिसेल, असे करावे. आम्ही पारावर गप्प राहिलो, त्याला आमची भीती कारण होती. ती भीती कोणी घातली नव्हती, तरी दूरही कोणी केली नव्हती.

त्या विद्यार्थ्यास आम्ही काय सांगितले, असे कोणी विचारील. आम्ही त्यास ही सारी हकीकत सांगितली. मग दोघांनी मिळून त्याने लिहिलेले ते दोन आकडे एका रेघेने, वाचता येतील असे, खोडले आणि शेजारी लिहिले: "नोंद घेतली नाही." त्याखाली त्याने सही केली, आम्हीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन लख्ख पडले होते. साडेआठ वाजता खिडकीतून पाहिले तो, तो मुलगा पाळी नसताही कुंपणाजवळ उभा होता, रिकामे काचपात्र डोळ्यांच्या पातळीस धरून.